बोटभर फट

२ मे, शुक्रवार

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची आहे. पुढून छाती, कंबर, बाही. म्हणून मी मागून उलटी धरून लिहितेय. कोणाशी तरी बोलायला हवं आणि ताई घरात नाही. एकटीने मोठ्याने बोललं की शेजारीण दुसऱ्या दिवशी तब्येत विचारते.

तर, बाहेरच्या खोलीची जमीन आज एकदाची झाली. जुन्या गुळगुळीत फरशीवर फोमचा पातळ थर, त्यावर लाकडी पट्ट्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. दिसायला देखणी आहे, नाही म्हणणार नाही. पण ज्या मिस्त्रीने ती बसवली त्याने माझं डोकं पार उठवलं. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘सावकाश, बाई’. पट्ट्यांची खोकी आणली आणि दोन दिवस नुसती खोलीत ठेवून गेला. का, तर म्हणे त्यांना घराची सवय होऊ दे! लाकडाला घराची सवय! मी मशीन स्वयंपाकघरात हलवून, दोन दिवस चुलीशेजारी गणवेशांच्या बाह्या जोडत बसले. मी त्याचं नाव सावकाश मिस्त्री ठेवलं आहे.

जाताना खोक्यातला एक जाड कागद हातात दिला. ‘जपून ठेवा, बाई.’ कागद खरंच छान आहे, ताठ आणि गुळगुळीत. त्याचा मी कॉलरचा नमुना कापून घेतला. वाया काही घालवायचं नाही.

ताईला फोन केला. जानेवारीत पडली तेव्हापासून ती मुलाकडे आहे. खुब्याचं हाड जुळलं, आता वॉकर घेऊन चालते. भाच्याचं म्हणणं एकच, ‘मावशी, ती घसरडी फरशी बदल, महिनाअखेरीला आईला आणून सोडतो. नाहीतर मग ती कायमची माझ्याकडेच राहू दे.’ कायमची! बावीस वर्षं आम्ही दोघी एका घरात राहिलो, भांडलो, एका किटलीतला चहा प्यायलो. कायमची म्हणे.

फरशी घसरडी होतीच. त्या दिवशी मी हिरव्या साटीनचं अस्तर कापत होते, ताई दोन कप घेऊन आत आली आणि धाडकन गेली. फरशीच तसली.

६ मे, मंगळवार

सावकाश मिस्त्रीने भिंतीलगत चारी बाजूंनी फट सोडली आहे! चांगली बोटभर! मला आधी दिसलीच नाही, कारण तो म्हणाला होता की कडेची पट्टी दुकानात आली नाही, आली की येऊन लावतो. म्हणजे काम तोकडं पडलं ते पट्टीखाली लपवायचं. मी पण तीस वर्षं शिवतेय. शिवण उसवली की वरून लेस लावायची, हे मला कोणी शिकवू नये.

आजच्या दिवसात त्या फटीत तीन टाचण्या, एक हुक आणि शर्टाचं बटण गेलं. बटण सुईने काढता काढता मान आखडली.

८ मे

फट बुजवली. रंगाच्या दुकानातून भिंतीची पुट्टी आणली, भिजवली आणि जुन्या सुरीने चारी भिंतींना ठासून ठासून भरली. वर ओलं बोट फिरवून गुळगुळीत केली. आता त्यात टाचणीचं टोक शिरेल तर शपथ. गुडघे गेले कामातून, पण याला म्हणतात काम.

११ मे, रविवार

कडेच्या पट्ट्या आल्या. ज्याच्याकडून जमीन घेतली तो दुकानदार फोनवर म्हणाला, मिस्त्री मंगळवारी येईल. मी म्हटलं, नको. साध्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यासाठी त्याची सावकाशी कोण सहन करणार? मीच लावल्या.

ताईला सांगितलं, ‘जमीन पूर्ण झाली. शेवटी मलाच हात घालावा लागला.’

ताई म्हणाली, ‘तुला नेहमीच घालावा लागतो.’

यात कौतुक होतं की काय होतं, कळलं नाही. तिचं आजकाल असंच असतं. बोलता बोलता थांबते, मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघितल्यासारखी. मी हवामान सांगते.

१७ मे, शनिवार

चार दिवस हवा कोंदट आहे, कापड हाताला चिकटतं. आणि जमीन वाजायला लागली आहे. एक उंच बाई कोटाचं माप द्यायला आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि पायाखालून ‘कट्’. त्या दचकून म्हणाल्या, ‘अगं बाई, माझं वजन वाढलं की काय?’ मी म्हटलं, ‘नाही हो, मिस्त्रीची अक्कल कमी.’

१९ मे, सोमवार

खोलीच्या मधोमध टेंगूळ आलं आहे. खोटं नाही, मोजपट्टी आडवी ठेवली तर दोन्ही टोकं अधांतरी. दोन पट्ट्यांचे सांधे वर उचलले गेलेत, एकीचा कोपरा तडकला आहे. मशीन डुलतं. आज एका झग्याची खालची दुमड नदीसारखी वळणं घेत गेली, सगळी उसवली.

बारा दिवस राहिले. त्या टेंगळावर ताईचा वॉकर? विचारच नको. आणि संताप येतो. मी आयुष्यात एक गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिली, तर ही दशा!

२० मे, मंगळवार

सावकाश मिस्त्री आला. टेंगळाशी उकिडवा बसला, बोटाने टकटक केलं आणि तोंड उघडलं ते असं :

‘बाई, कडेची फट मोकळी आहे ना?’

‘फट? माझ्या घरात आता एकही फट नाही!’

‘एकही नाही?’

‘एकही नाही. बघा शोधून.’

तो माझ्याकडे बघतच राहिला. बरा वरमला. मग म्हणतो, ‘सावकाश घ्या, बाई, पण एका भिंतीची पट्टी मला काढून बघू द्या.’

मी म्हटलं, ‘तुम्ही जे लावलंत ते उचललं गेलं. मी जे लावलं ते जागच्या जागी आहे. आणि तुम्ही काढणार काय, तर मी लावलेलं!’

‘बाई, ऐकून तर घ्या…’

‘ऐकलं. दोन दिवस लाकडाला सवय लावत होतात तेव्हा पुष्कळ ऐकलं.’

गेला. दारात चपला घालताना म्हणाला, ‘तो कागद आहे ना जपून?’ मी म्हटलं, रोज वापरात आहे. खोटं कशाला बोलू.

२१ मे

दुकानात जाऊन अर्धा तास उभ्याने बोलले. दुकानदार आधी गोड गोड बोलत होता. मग मी फोटो दाखवले, तेव्हा म्हणाला, ‘तुम्ही ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज करा, तपासणी होऊ दे. निकाल लागेपर्यंत या मिस्त्रीला मी नवीन काम देणार नाही.’

चांगली अद्दल घडेल. घरी येईपर्यंत मला खूप बरं वाटत होतं. जेवताना जरा कमी वाटलं. किती दिवस काम देणार नाही ते विचारायला हवं होतं.

२३ मे, शुक्रवार

भाचा न सांगता आला. बूट काढले, खोलीभर चालून पाहिलं. टेंगळावर त्याचा पाय पडला आणि ‘कट्’.

‘मावशी, यावर आईचा वॉकर कसा चालणार?’

‘होईल नीट. मी तक्रार करतेय.’

‘तू तक्रार करशील, तो मिस्त्री तक्रार करेल, यात सहा महिने जातील. आईला मी समोरची खोली देतो. ऊनही येतं तिथे. तू येत जा की भेटायला.’

भेटायला येत जा! म्हणजे मी पाहुणी आणि ताई त्या घरातली. मी म्हटलं, ‘महिनाअखेरीपर्यंत मुदत दिलीस ना? मग आठ दिवस तोंड बंद ठेव.’ पोरगं तसं गरीब आहे, गप्प बसलं. चहा पिताना मात्र विचारतो, ‘त्या दिवशी आई नेमकी कशावरून घसरली गं? तिला विचारलं की ती म्हणते, आठवत नाही.’

‘फरशीवरून. दुसरं काय असणार?’

मध्येच हे काय काढलं त्याने, कळत नाही. तो गेल्यावर खोली झाडली. मी हल्ली दिवसातून चार-पाच वेळा झाडते. कापड कापलं की एक चिंधी जमिनीवर राहू देत नाही.

२४ मे

तक्रार कार्यालय. एक खिडकी, तिच्यापुढे लांबच लांब बाक, त्यावर माझ्यासारखेच वैतागलेले लोक. शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर गळका नळ होता. अर्जात अठरा प्रश्न. सातवा : भिंतीलगत किती मिलिमीटर फट सोडली आहे? बघा, कार्यालयालासुद्धा माहीत आहे हे लोक फटी सोडतात! मी ठळक अक्षरात लिहिलं, ‘मिस्त्रीने दहा मिलिमीटर सोडली होती.’

अर्ज घेणाऱ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे मग.’ मी म्हटलं, ‘तेच तर सांगतेय!’ त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, शिक्का मारला. बुधवारी तपासनीस येणार. दुकानदार आणि मिस्त्री दोघांनाही बोलावणं जाईल.

२६ मे, सोमवार

गणवेशाच्या कॉलरी कापत होते. अकरावी कॉलर. कागदी नमुना हातातून निसटला आणि उलटा पडला. इतके दिवस त्याच्या मागे काय छापलंय ते मी बघितलंच नव्हतं. छापलेली बाजू कापडावर, कोरी बाजू वर, असंच वापरत होते. मागे लिहिलं आहे :

‘पट्ट्या हवेतील ओलाव्याने फुगतात. यासाठी सर्व भिंतींपासून १० मिमी अंतर मोकळे ठेवावे. हे अंतर कोणत्याही पदार्थाने भरू न’

पुढचं गळ्याच्या गोलाईत कापलं गेलं.

आज आणखी काही लिहीत नाही.

२७ मे, मंगळवार

लिहिलं नाही तर फुटेन.

बाई गं, तीस वर्षं पोरांचे कपडे शिवते. पोरगं वाढणार, कापड आटणार, म्हणून आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडल्याशिवाय एक कपडा मी कापला नाही. आणि त्या माणसाने माझ्या जमिनीत तेच केलं तर मी त्याला कामचुकार ठरवलं. शहाणी कुठली!

सकाळी नऊ वाजता दार लावलं आणि कडेची पट्टी उपसली. विचार काय होता तो इथे तरी खरा लिहिते. उद्या तपासनीस येईल, त्याच्या आत पुट्टी काढून टाकायची, पट्टी परत चिकटवायची, जमीन आपोआप बसेल, आणि मी म्हणेन, ‘बघा, आता कशी बसली! आधी नव्हती.’ कोणाला काय कळणार होतं?

पुट्टी दगड झाली आहे. छान काम करते ना मी, ठासून ठासून! सुरीचं टोक मोडलं, मग पेचकस घेतला. दुपारपर्यंत खिडकीची भिंत झाली आणि दुसरी अर्धी. एवढ्यात आतून पट्टी सरकली, ‘कट्’, आणि कडेची ओळ माझ्या डोळ्यांदेखत भिंतीकडे आली, अवघडलेल्या माणसाने पाय लांब करावा तशी. टेंगूळसुद्धा जरा खाली बसलं.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. गुडघे दुखत होते हे एक कारण.

उरलेलं काढवलं नाही. पट्ट्या परत टेकवून ठेवल्या. मन पालटलं म्हणून थांबले असं मी लिहिणार नाही. अंगात ताकद उरली नव्हती म्हणून थांबले.

२८ मे, बुधवार

तपासनीस निघाल्या एक तरुण बाई, हातात पिशवी, पिशवीत पातळी बघायचं हत्यार. दुकानदार घाम पुसत. सावकाश मिस्त्री सगळ्यात शेवटी, धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट घालून. त्याच्या एका कफाला बटण नव्हतं, टाचणी लावली होती. दुसरं काही दिसायच्या आत मला तेच दिसलं. तपासणीसाठी चांगला शर्ट काढून घालणारा माणूस.

बाईंनी चारी भिंतींच्या पट्ट्या काढल्या. ‘दीड भिंतीला फट आहे. अडीच भिंतींना पुट्टी. पुट्टी कोणी भरली?’

मिस्त्री म्हणाला, ‘मी चारी बाजूंना दहा मिलिमीटर सोडली होती.’

‘याला काही पुरावा?’

त्याने हात पुढे केले आणि परत खाली घेतले. पुरावा कुठून आणणार?

दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, कडेची पट्टी या बाईंनी लावली, पण पुट्टी तर पट्टीच्या मागे आहे. म्हणजे आधीची. पट्टीच्या आधी याच्याशिवाय इथे होतं कोण? याची कामं बंद केली ते बरंच झालं.’

बाई माझ्याकडे वळल्या. ‘तुम्ही पट्टी लावलीत तेव्हा पुट्टी भरलेली होती?’

‘होती.’ एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. मिस्त्री माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही, वाट बघत. त्याला ठाऊक होतं. वीस तारखेला, मी ‘एकही फट नाही’ म्हणाले तेव्हाच ठाऊक झालं होतं.

मी म्हटलं, ‘होती. मी भरली. आठ तारखेला, माझ्या हाताने. यांनी फट बरोबर सोडली होती. काल अर्धी मीच खरवडून काढली, तुम्हाला कळू नये म्हणून.’

 दुकानदाराचा रुमाल कपाळावरच राहिला. तपासनीस बाई लिहायच्या थांबल्या, मग पान उलटून नव्याने लिहू लागल्या.

मी मिस्त्रीला म्हटलं, ‘तुम्हाला माहीत होतं, मग बोलला का नाहीत?’

‘तुम्ही बोलू दिलंत कुठे, बाई?’

मी वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि दुकानदारापुढे ठेवलं. 

दुकानदाराकडून तिथल्या तिथे लिहून घेतलं की मिस्त्रीची चूक नव्हती आणि उद्यापासून त्याची कामं सुरू. शब्द मी सांगितले, सही त्याने केली. तडकलेल्या दोन पट्ट्या बदलायचा खर्च माझा, हे मीच आधी म्हटलं. ते दोघे गेल्यावर मिस्त्रीने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि पिशवीतून छिन्नी काढली.

‘शर्ट काढून द्या इकडे,’ मी म्हटलं. ‘बटण लावते. ती टाचणी बघवत नाही मला.’

‘सावकाश, बाई,’ तो म्हणाला आणि कामाला लागला. बटण नंतर लावलंच. दोरा चार पदरी घातला.

२९ मे, गुरुवार

जमीन बसली. मोजपट्टी आडवी ठेवली, खालून नखसुद्धा जात नाही. दोन पट्ट्या नव्या आल्या. कडेची पट्टी आज तो लावत होता. एक भिंत मला लावू द्या म्हणून मी हट्ट धरला. तो शेजारी बसून बघत होता, फटीत काही भरत नाही ना म्हणून असेल.

दुपारी ताईला फोन केला. ‘जमीन झाली. सपाट झाली. बिघडवलीही मीच होती.’ सगळं सांगितलं, पुट्टी, कॉलर, दीड भिंत. ताई हसली नाही. नेहमीसारखी थांबली. वाट बघितल्यासारखी.

आणि एक खरं बोललं की दुसरं बाहेर पडायला फार वेळ लागत नाही बहुतेक. मी म्हटलं, ‘ताई, फरशी घसरडी नव्हती गं. म्हणजे होती, पण बावीस वर्षं होती. त्या दिवशी साटीनचा तुकडा मी खाली टाकला होता. उचलते, उचलते म्हणत राहिला. तू येताना दिसत होतीस, आणि मी “जपून” म्हणायच्या ऐवजी कात्री चालवत राहिले.’

‘माहीत आहे,’ ताई म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘हिरवा होता. माझ्या टाचेखाली आला. तू मुलाला फोन करायला आत धावलीस तेव्हा मी तो मुठीत घेतला. तो आल्यावर त्याला दिसायला नको होता. दवाखान्यात सुई टोचायला मूठ उघड म्हणाले, तर दुसऱ्या मुठीत घेतला. इथे माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे.’

 ‘मग इतके महिने बोलली का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून थांबले होते. बाई गं, एवढं एक वाक्य बोलायचं होतं तुला, आणि तू अख्खी जमीन बदललीस!’

मग हसली. खुबा धरून हसली असणार, कारण मध्ये ‘आई गं’ म्हणाली. मीही हसले, पण माझं हसणं फार वेळ हसणं राहिलं नाही.

३१ मे, शनिवार

ताई आली. भाचा मागे हात पसरून चालत होता, जणू ती तान्हं मूल आहे. तिने त्याला दोनदा झिडकारलं. वॉकर दारातून खिडकीपर्यंत गेला, जमीन एकदाही वाजली नाही. भाच्याला मी साटीनचं सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, ‘आईने काल सांगितलं, मावशी,’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वर म्हणाला, समोरची खोली रिकामीच ठेवतो, दोघी मिळून या कधीतरी.

ताई तिच्या खुर्चीत बसली. चहा घेतला. मग तिची नजर फिरायला लागली, जशी बावीस वर्षं फिरते, मी कुठे काय राहू दिलंय ते शोधत. खिडकीखालच्या भिंतीशी येऊन थांबली.

‘ही कडेची पट्टी मिस्त्रीने वाकडी लावली गं.’

बघितलं तर खरंच वाकडी आहे. डावीकडून उजवीकडे चांगली चढत गेली आहे.

‘मिस्त्रीने नाही,’ मी म्हटलं. ‘मी लावली.’